बेलवलकरांना डॉक्टरकडे कुणी नेलं नाही

गोदावरीच्या पाण्याला नावं ठेवलेली नाशिककरांना चालतात. 'नटसम्राट'ला ठेवलेली चालत नाहीत. साहजिकच आहे. तात्यासाहेब शिरवाडकर आपले आणि १९७० साली रंगभूमीवर आलेलं त्यांचं हे नाटक आपल्या घरचं. कालिदास कलामंदिरात प्रयोग लागला की शेवटच्या अंकात रुमाल निघतात. पडदा पडल्यावर शालिमारच्या बाजूला रिक्षा शोधताना चारचौघांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "काय मेली ती मुलं!"

मला नाटकाला नावं ठेवायची नाहीत. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. पन्नासहून अधिक वर्षांत हे नाटक पोटच्या पोरांची लायकी मोजायचं माप होऊन बसलं आहे. कुणाची आई वृद्धाश्रमात गेली, कुणाचे वडील भावाकडून बहिणीकडे गेले की लोक लगेच म्हणतात, "नटसम्राट झाला त्यांचा." यात म्हातारा माणूस आजारी असेल, ही शक्यता कुणाच्या मनातही येत नाही. अप्पासाहेब बेलवलकरांच्या आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या राजा लिअरच्या वागण्यात आजाराच्या खुणा आहेत. त्या बघायचं आपण टाळतो आणि त्याची किंमत घराघरांतल्या सुना, मुली आणि ते म्हातारे स्वतः मोजतात.

आधी लिअर, कारण तिथे खुणा अधिक ठळक आहेत. शेक्सपिअरचं हे नाटक २६ डिसेंबर १६०६ रोजी इंग्लंडच्या राजदरबारात झालं. लिअर ऐंशीच्या पुढचा. तो स्वतःच तसं सांगतो. पहिल्याच प्रवेशात तो राज्याची वाटणी करतो, लाडक्या मुलीला एका उत्तरासाठी हाकलतो, जन्मभर इमान राखलेल्या केंटला हद्दपार करतो. तो दरबारातून गेल्यावर गॉनरिल आणि रीगन या दोघी मुली काय बोलतात ते पाहा. वय झाल्यापासून यांचं काही खरं राहिलेलं नाही, घडीघडीला बदलतात, असं एक म्हणते. दुसरी म्हणते, हा वयाचा दोष आहे, पण यांना स्वतःची नीट ओळख कधीच नव्हती. त्यावर पहिली म्हणते, धड होते तेव्हाही उतावळेच होते, आता त्यात म्हातारपणाची भर.

मेंदूविकारतज्ज्ञाच्या खोलीत मुलगी वडिलांना घेऊन गेली तर डॉक्टर हेच विचारतात. आधी कसे होते? बदल कधीपासून? मूळ स्वभाव किती आणि नवीन किती? शेक्सपिअरनं ही सगळी माहिती दोन खलनायिकांच्या तोंडी घातली आहे. त्या दुष्ट आहेत, पुढे त्या बापाला वादळात दाराबाहेर ठेवतात, हे खरंच. पण दुष्ट माणसाचं निरीक्षण खोटंच असतं असं थोडंच आहे! बापाच्या शंभर सरदारांचा गोंधळ घरात चालत नाही, ही गॉनरिलची तक्रार प्रेक्षक चारशे वर्षं कांगावा म्हणून ऐकत आले. १९६२ मध्ये इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकनं आपल्या प्रयोगात ते सरदार खरोखरच धुडगूस घालताना, सामान फेकताना दाखवले, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा वाटलं की बाई अगदीच खोटं बोलत नव्हती. असा प्रयोग आपल्या बेलवलकरांच्या सुनेच्या वाट्याला अजून आलेला मला दिसलेला नाही.

लिअरच्या पुढच्या खुणा तर अंगावर काटा आणतात. वादळाच्या रात्री तो एका साध्या तिवईला आपली मुलगी समजतो आणि तिच्यावर खटला चालवतो. आपल्यावर भुंकणारी तीन छोटी कुत्री त्याला दिसतात, त्यांची नावंही तो घेतो. नंतर त्याला उंदीर दिसतो. मध्येच लख्ख शुद्धीवर येऊन सत्ता आणि न्यायाबद्दल असं बोलतो की भल्याभल्यांनी ऐकत राहावं, आणि पुन्हा घसरतो. हाकललेली लाडकी मुलगी कॉर्डेलिया समोर आल्यावर तिला ओळखायला त्याला वेळ लागतो. माझं डोकं ठिकाणावर नसावं अशी भीती वाटते, असं तो सांगतो. कपडे कुठले, रात्री कुठे झोपलो, काहीच आठवत नाही म्हणतो. कधी स्पष्ट तर कधी धूसर होणारं भान आणि त्यासोबत छोटे प्राणी किंवा माणसं दिसणं, हे आज 'ल्यूई बॉडी' नावाच्या स्मृतिभ्रंशाचं ओळखीचं लक्षण मानतात. फ्रेडरिक ल्यूईनं मेंदूच्या पेशींमधल्या त्या गाठी पहिल्यांदा नोंदवल्या १९१२ मध्ये. (तात्यासाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.) अलॉइस अल्झायमरनं आपल्या प्रसिद्ध रुग्णाबद्दल सांगितलं ते १९०६ मध्ये, म्हणजे लिअर दरबारात उभा राहिल्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी. नाटककाराला आजाराचं नाव माहीत नव्हतं. त्यानं माणूस पाहिला होता.

इथे नाट्यप्रेमी मंडळी हात वर करतात. पात्र म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला ना रक्त ना मेंदू, संहितेत आहे तेवढंच त्याचं आयुष्य. शिवाय लिअर आजारी ठरवला की शोकांतिका संपली. नायकाची चूक हवी, चूक नसेल तर उरते नुसती केस. यातला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लिअरला नेमका कोणता आजार होता हा प्रश्न फावल्या वेळचा खेळ आहे. डॉक्टर तो खेळतात, खेळोत. दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. आजार कोऱ्या माणसाला होत नाही. जन्मभर स्तुतीवर जगलेल्या, 'नाही' ऐकायची सवय नसलेल्या माणसाचा विवेक वयानं ढिला झाला, तर तो आधी कुठे फुटेल? स्तुतीच्याच जागी. प्रेम तोंडानं बोलून दाखवा, मग हिस्सा देतो, ही मागणी लिअरची चूकही आहे आणि बहुधा पहिलं लक्षणही. तिच्याबाबत कुठल्या एकाकडेच बोट दाखवता येत नाही, म्हणून तर ती इतकी छळते.

बेलवलकरांबद्दल मी इतका ठाम नाही. शिरवाडकरांनी त्यांना लिअरसारखं उघड वेडात लोटलेलं नाही. पण पाहा. चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेला माणूस निवृत्त होतो. ज्या कामामुळे त्याला रोज नवं नाव, नवी भाषा, हजार माणसांचे डोळे मिळत होते, ते काम एका संध्याकाळी थांबतं. तो सगळं मुलांत वाटून टाकतो. मुलाच्या घरी नातीला वळण लावण्यावरून सुनेशी खटके उडतात, मुलीच्या घरी त्याहून वाईट होतं. बोलता बोलता तो जुन्या भूमिकेत शिरतो आणि बाहेर यायला त्याला दरवेळी जास्त वेळ लागतो. अखेर फुटपाथवर, बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आधारानं राहताना, आपली ओळख सांगताना तो ज्युलियस सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट अशी नावं घेत स्वतःच्या नावापर्यंत पोचतो. आपण टाळ्या वाजवतो. तो क्षण टाळ्यांचाच आहे, शंका नाही. पण हाच म्हातारा सीबीएस बसस्टँडच्या बाकावर बसून असं बोलू लागला तर आपण काय करू? दोन मिनिटं बघू, "साठी बुद्धी नाठी" म्हणू आणि बस पकडू.

नाटकात मला सगळ्यात मोलाची वाटते ती कावेरी, बेलवलकरांची 'सरकार'. ती त्यांना सावरते, त्यांच्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्यांना लावून देते, अपमान पोटात घालते, कुठे थांबायचं ते खुणेनं सांगते. ती जाते आणि मग त्यांची घसरण थांबतच नाही. हे सगळं मी घरांमध्ये पाहिलं आहे. आजोबा छान आहेत असं सगळे समजत असतात, कारण आजी शेजारी असते. औषध तीच काढून देते, पाहुण्यांची नावं हळूच कानात सांगते, बँकेत पासबुक तिच्या पिशवीत. आजी गेल्यावर तेराव्याच्या आत लक्षात येतं की आजोबांना दूधवाल्याचा हिशेब येत नाही आणि न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे तेही त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं. लोक म्हणतात, दुःखानं झालं. दुःख असतंच. पण आजार बऱ्याचदा तीन-चार वर्षं जुना असतो. आजीनं तो पदराआड ठेवलेला असतो.

आणि आता चोरीचा प्रसंग. नाटकात मुलगी बापावर पैसे चोरल्याचा आळ घेते. प्रेक्षागृहात त्या वेळी जो संताप पसरतो, तसा दुसऱ्या कुठल्या प्रसंगाला पसरत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात हाच प्रसंग रोज घडतो, फक्त उलटा. तिथे आळ येतो मुलीवर, त्याहून अधिक सुनेवर. "माझ्या पाटल्या हिनं घेतल्या." "पेन्शनचे पैसे हा खातो." कुणीतरी माझं चोरतंय, हा या आजारात सर्वांत जास्त दिसणाऱ्या भ्रमांपैकी एक आहे. त्याचं कारणही साधं आहे. माणूस वस्तू जपून ठेवतो, ठेवल्याचं विसरतो. वस्तू जागेवर नाही हे मात्र त्याला कळतं. मधली रिकामी जागा मेंदू भरून काढतो. संशय कुणावर? जो दिवसभर आसपास वावरतो, आंघोळ घालतो, जेवण भरवतो त्याच्यावर. जो परदेशातून महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो त्याच्यावर संशय कधीच येत नाही. ओळखीच्या एका घरात पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. तोवर सगळ्या भावकीत सून चोर ठरली होती, आणि सापडल्यावर "तिनंच परत आणून ठेवल्या" असं ठरलं. त्या सुनेनं 'नटसम्राट' पाहिलं तर ती कुणासाठी रडेल? आणि तिच्या शेजारच्या खुर्चीतल्या नणंदेनं पाहिलं तर ती कुणाकडे बघेल?

मुलं बापाला लुबाडत नाहीत असं मी म्हणत नाही. लुबाडतात. सातबाऱ्यावरून नाव काढून म्हाताऱ्याला गोठ्यात झोपवणारी माणसं या जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्यासाठी कायदा हवाच. पण रामकुंडावर एखादा बेवारस म्हातारा दिसला की आपला निकाल आधीच लागलेला असतो: टाकून दिला पोरांनी. घरातून निघून भरकटणं हेही या आजाराचं लक्षण आहे आणि कुठल्यातरी पोलीस ठाण्यात त्याचा मुलगा फोटो घेऊन बसलेला असू शकतो, हे आपल्याला सुचत नाही.

भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांच्यापैकी किती जणांना डॉक्टरनं कधी तपासलं असेल? आपल्याकडे आधी वाट धरली जाते ती त्र्यंबकेश्वरची. नारायण नागबळी करून झाला, कालसर्प शांती झाली, तरी आजोबा रात्री उठून कामावर जायला निघतातच. 'मॅकबेथ'मध्ये झोपेत चालणारी राणी पाहून तिथला वैद्यही म्हणतो की हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे, त्यामुळे आपल्याच लोकांना हसण्यात अर्थ नाही. शांती जरूर करावी. परतताना दवाखान्यातही थांबावं. कारण विसरभोळेपणा, गोंधळ, संशय दिसला म्हणजे तो दर वेळी न बरा होणारा आजार असतो असं नाही. थायरॉइड मंदावलेलं असतं, ब-१२ जीवनसत्त्व खालावलेलं असतं, सोडियम घसरलेलं असतं, लघवीत जंतुसंसर्ग असतो, झोपेच्या गोळ्यांचा अंमल असतो. म्हातारपणातलं नैराश्य तर विस्मरणाचं सोंग हुबेहूब वठवतं. यातलं पुष्कळ औषधानं सुधारतं. आणि कान! ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा, पण टाळता किंवा सुधारता येण्याजोगा घटक म्हणून आता मान्य झाला आहे. पहिले बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू स्वतः कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. त्यांच्या दवाखान्यात असे किती अप्पा येऊन गेले असतील!

माझ्या म्हणण्याला सगळ्यात जुनं आणि सगळ्यात वजनदार उत्तर मात्र ग्रीसमधून येतं. तिथला प्राचीन नाटककार सोफोक्लीस म्हातारपणी नाटकं लिहिण्यात इतका गुंतला की मिळकतीकडे त्याचं लक्ष राहिलं नाही. मुलांनी त्याला न्यायालयात खेचलं: बापाचं डोकं चालत नाही, कारभार आमच्या हाती द्या. रोमन लेखक सिसेरो सांगतो की सोफोक्लीसनं नुकतंच लिहिलेलं कोलोनसच्या ईडिपसचं नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवलं आणि विचारलं, हे वेड्याचं वाटतं का? खटला निकालात निघाला. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातली भीती खरी आहे. आजाराचं लेबल वारसांच्या हाती दिलं की ते घराच्या कागदांवर चिकटतं. उद्या "बाबांना अल्झायमर आहे" म्हणून मुलगा सही घेईल, किंवा बाबांची सहीच मोडीत काढील. आपल्याकडे तर 'ठाण्याला भरती करा' ही धमकी गमतीत दिली जाते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं. नाशिकला तसं नाही, म्हणून आम्हाला ठाणं जवळचं.

म्हणून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या भीतीला कसा भिडतो ते पाहण्यासारखं आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती यांच्या जोडीला स्मृतीचा बिघाडही आहे. पण कलम ३ सांगतं की समाजाच्या चालीरीतींशी किंवा नैतिक कल्पनांशी एखाद्याचं जमत नाही, एवढ्यावर त्याला आजारी ठरवता येणार नाही. आणि आजार आहे असं ठरलं तरी तेवढ्यानं तो माणूस कायद्याच्या नजरेत 'विकल मनाचा' होत नाही, ते सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. शिवाय डोकं ठिकाणावर असताना आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे लिहून ठेवायची सोयही कायद्यात आहे. म्हणजे निदान आणि अधिकार काढून घेणं या दोन गोष्टी कायद्यानं वेगळ्या ठेवल्या आहेत. सोफोक्लीसच्या मुलांना त्या एकत्र हव्या होत्या. निदानाला घाबरून ते टाळणाऱ्यांनीही त्या एकत्रच धरलेल्या असतात.

दुसरा कायदा २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. बेलवलकरांच्या वेळी तो नव्हता. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, कलम २३ खाली परत मिळू शकते. वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे हे अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोर चालतात. कायदा चांगला आहे, पण त्याची सगळी रचना 'नटसम्राट'च्या प्रेक्षकाच्या मनासारखी आहे: एका बाजूला पीडित बाप, दुसऱ्या बाजूला कृतघ्न मुलं. सून जेवायला देत नाही, असं आजोबा शपथेवर सांगतात आणि त्यांना ते मनापासून खरं वाटत असतं. सकाळी जेवले ते आठवत नसतं, एवढंच. कधी सून खरोखरच देत नसते. कागद वाचून प्रांताधिकाऱ्यांना यातलं काय कळणार?

मागणी तशी लहानच आहे. अशा प्रत्येक अर्जात, वृद्धाच्या संमतीनं आणि सरकारी खर्चानं, एकदा स्मृती, मनःस्थिती आणि ऐकण्याची तपासणी जिल्हा रुग्णालयात व्हावी. तिचा अहवाल मिळकतीच्या वादात मुलांना पुरावा म्हणून वापरता येऊ नये. सांभाळ कसा व्हावा हे ठरवण्यापुरताच तो असावा. वैद्यकीय शिक्षणाचं राज्यभराचं विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, तेव्हा तपासणारी माणसं तयार करण्यासाठी लांब जायला नको. निर्वाहभत्त्याचा आदेश द्यायचा तो द्यावाच. त्याच आदेशात दिवसा सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून किमान दोन दिवस सुटका कशी मिळेल, हेही लिहावं. त्यासाठी महापालिकेनं ज्येष्ठ नागरिकांची काही केंद्रं पत्त्यांच्या डावांपुरती न ठेवता, प्रशिक्षित मदतनिसांसह दिवसाची सांभाळकेंद्रं म्हणून चालवावीत. आईला तिथे सोडून कामावर जाणाऱ्या मुलीला दारात कुणी नाटकाचं नाव घेऊन टोमणा मारला, तर तिनं त्याला आठवड्यातला एक दिवस आईला सांभाळायला बोलवावं. बहुतेक जण येणार नाहीत.